आधी गाडी, नंबर शेवटी

मी आज जो काही आहे तो गजानन परचुरे यांच्यामुळे. हे नाव आधीच लिहून टाकतो, कारण पुढे या लेखात मी त्यांच्यावर रागावलेला दिसेन, आणि वाचणाऱ्यांनी मला कृतघ्न समजू नये.

चिंचवड स्टेशनजवळ परचुरे साहेबांचं मोटार सर्व्हेचं ऑफिस होतं. मी करमाळ्याचा. वडील आठवडी बाजारात स्टोव्ह आणि छत्र्या दुरुस्त करत. घरातला पहिला पदवीधर मीच. पिंपरीकडे कारखाने निघालेत, शिकलेल्या माणसाला तिथे काम मिळतं, एवढ्या ऐकीव माहितीवर बी.एस्सी.चं प्रमाणपत्र घेऊन आलो. प्रत्येक गेटवर एकच प्रश्न विचारायचे, अनुभव काय? परचुरे साहेबांनी तो विचारला नाही. त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?"

"स्टोव्ह दुरुस्त करतात."

"तू केलायस कधी?"

"पुष्कळ."

"मग हात काळे व्हायची लाज नसेल. उद्यापासून ये. आणि हा पांढरा शर्ट घालू नकोस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वतःची जुनी डांगरी दिली. राहायला जागा मिळेपर्यंत ऑफिसच्या माळ्यावर झोपू दिलं. इंग्रजीत रिपोर्ट कसा लिहायचा ते शेजारी बसवून शिकवलं. माझं इंग्रजी पुस्तकी होतं, 'ट्रकला दुःखद अपघात झाला' असं मी लिहिलं, तेव्हा ते म्हणाले, "दुःख आपण लिहायचं नाही. कुठला अ‍ॅक्सल वाकला ते लिही."

आमचं काम थोडक्यात सांगतो. अपघात झालेली गाडी पाहून विमा कंपनीला नुकसान कळवणं हे रोजचं. पण साहेबांचं नाव होतं ते दुसऱ्याच कामासाठी, जुन्या इंग्लिश ट्रकची ओळख पटवण्यासाठी. बासष्टच्या युद्धानंतर लष्कराने हळूहळू नव्या गाड्या घेतल्या आणि महायुद्धापासून पडून असलेल्या विलायती गाड्या लिलावात निघू लागल्या. देहूरोडच्या बाजूने त्या बाहेर पडत. कोणी त्यांची पाण्याची टाकी करी, कोणी क्रेन, कोणी त्यावर लाकडी फाळके चढवून कांदा भरी. दहा हात फिरलेली गाडी कागदावर कुठली, कधीची आणि मुळात एकच गाडी आहे की तीन गाड्यांची मिळून झालेली, हे कोणालाच सांगता येत नसे. मालकी बदलताना, कोर्टात तंटा झाला की, लोक परचुरे साहेबांकडे येत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय, नंबर बघायचा. चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, नंबर ठोकलेला असतो. त्यावर कागद ठेवायचा, पेन्सिल आडवी धरून घासायची, की नंबर कागदावर उमटतो. याला आम्ही छाप म्हणत असू. छाप आर.सी. बुकाशी जुळली की झालं. पण साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "आधी गाडी बघायची, नंबर शेवटी. नंबर आधी पाहिलास की डोळे तो खरा करायच्या मागे लागतात."

म्हणून आम्ही गोणपाट अंथरून आधी गाडीखाली झोपत असू. सांगाड्याच्या तुळया रिव्हेटने जोडल्यात की नंतर कोणी बोल्ट घातलेत? वेल्डिंगची शिवण आहे का? अ‍ॅक्सलच्या ओतीव लोखंडावर कुठल्या फाउंड्रीची खूण आहे? बोल्टचे आटे इंग्लिश मापाचे आहेत का? इंग्लिश बोल्टला इंग्लिशच पाना बसतो. दुसरा लावला तर एक तर शिरत नाही, नाही तर गरगर फिरतो आणि बोल्टचे कोपरे खातो. एवढं झालं की साहेबांच्या कपाटातली जुनी मॅन्युअलं काढायची. तीही पुरली नाहीत तर साहेब इंग्लंडच्या कारखान्याला पत्र लिहीत. कित्येक महिन्यांनी उत्तर येई. कधी येई की कारखानाच बंद झाला आहे. त्या दिवशी साहेबांना घरातलं कोणी गेल्यासारखं वाटे.

एक गंमत सांगतो. कासारवाडीला एक ठेकेदार होते. त्यांच्याकडे बसक्या नाकाचा एक लष्करी ट्रक होता. ड्रायव्हर लोक अशा गाडीला डुक्करतोंडी म्हणत. ठेकेदारांना ती अस्सल विलायती असल्याचा दाखला हवा होता. मी खाली शिरलो, इंग्लिश पाना लावला, तो सैल बसला. दुसऱ्या बोल्टला लावला, तिथेही तेच. अमेरिकी पाना मात्र चपखल बसला. गाडी इंग्लिश नमुन्याची होती, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची होती, पण बांधलेली कॅनडात. युद्धाच्या काळात तशा ढिगाने आल्या होत्या.

मी सांगितल्यावर ठेकेदार म्हणाले, "मग कॅनडा काय इंग्लंडाच्या बाहेर आहे का?"

"बराच बाहेर आहे."

"अहो, राणी एकच ना? लिहा की इंग्लंड. मुलाच्या सोयरिकीत सांगून बसलोय, आमच्याकडे लंडनचा ट्रक आहे म्हणून."

साहेब हसून हसून बेजार झाले, पण रिपोर्टात कॅनडाच लिहिलं. ठेकेदारांनी आमच्या ऑफिसवरून जाताना पुढे कित्येक वर्षं तोंड फिरवलं. लग्न मात्र झालं.

अलीकडे जुन्या गाड्यांची हौस करणारी मंडळी निघाली आहेत. त्यांतल्या एकाने मला त्याचा 'पूर्ण नवा केलेला' ट्रक पाहायला बोलावलं. चासी आरशासारखी चकचकत होती. नंबर कुठे आहे विचारलं तर म्हणाला, "अंकल, गंज होता, ग्राइंडर मारून साफ केला." त्या गाडीचं नाव, गाव, जन्म सगळं त्याने मशीन फिरवून पुसून टाकलं होतं, आणि वर मला चहा पाजत होता. मी कप तसाच खाली ठेवला. याहून भंगारवाला परवडला. तो निदान गाडी मेली आहे असं समजून कापतो.

पण ज्या रागासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो या हौशी मुलावरचा नाही.

नामदेव हा बीडकडचा ड्रायव्हर. दुष्काळात इकडे आला, दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, आणि पै पै साठवून देहूरोडच्या एका दलालाकडून जुना इंग्लिश ट्रक घेतला. चाकणच्या बाजारातून कांदा वाहायचा. गाडी विलायती म्हणून तो तिला 'मडम' म्हणायचा. सकाळी हँडल मारताना तिच्याशी बोलायचा, "उठा मडम, हितं ऱ्हायचं तर कांदा उचलावा लागंल."

एकदा नाशिक रस्त्यावर एका नव्या फौजदाराने त्याला अडवलं. लष्करी वळणाची जुनी गाडी पाहून त्यांना वाटलं, माल चोरीचा. हवालदाराने चासीवर नंबर शोधला, सापडला नाही. मग केबिनमध्ये एक पितळी पट्टी होती, तिच्यावरच्या नंबराची छाप घेतली. ती आर.सी. बुकाशी जुळेना. झालं. गाडी ठाण्याच्या आवारात ओढून आणली आणि छाप मत विचारायला आमच्या ऑफिसात पाठवली.

त्या वेळी मी बहिणीच्या लग्नासाठी करमाळ्याला गेलो होतो. परत आलो तर ऑफिसच्या पायरीवर एक माणूस बसलेला. मला पाहून उठला.

"तुमीच का परचुरे साहेबांचे हाताखालचे?"

"हो. काय काम होतं?"

"तुमच्या हापिसानं माझी मडम चोरटी ठरवली वो!"

आत जाऊन रिपोर्टची प्रत पाहिली. 'चासीवरील नंबर नोंदीशी जुळत नाही. नंबर बदलला असण्याची शक्यता.' खाली साहेबांची सही. सोबत ती छाप होती. ती पाहताच माझ्या लक्षात आलं, हा चासीचा नंबरच नव्हे. इंग्लिश लष्करी ट्रकचा सांगाडा एका कारखान्यात व्हायचा आणि वरची बॉडी दुसऱ्या. बॉडीवाला आपली वेगळी पट्टी ठोकायचा, तिच्यावर नंबर त्याचा. हे मला कोणी शिकवलं? परचुरे साहेबांनीच.

मी त्यांच्या खोलीत गेलो. "साहेब, नामदेवची गाडी पाहिलीत?"

"छाप पाहिली."

"छाप बॉडीच्या पट्टीची आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "फौजदारांनी चासीची म्हणून पाठवली आहे."

"पण आपण गाडीखाली..."

"शंकर, रिपोर्ट गेला. दुसरी कामं नाहीत का तुला?"

साहेबांचे गुडघे धरले आहेत हे मला दिसत होतं. खुर्चीतून उठताना ते टेबल पकडत. आदल्या दिवाळीपासून गाडीखाली मीच जात होतो आणि ते बाजूला उभे राहून विचारत. पण मी नव्हतो, तर 'मला वाकता येत नाही, आठवडाभर थांबा' एवढं एक वाक्य त्यांच्याकडून लिहवलं नाही. त्याऐवजी एका माणसाचा ट्रक चोरीचा ठरवणं त्यांना सोपं गेलं. हे मला आजही सहन होत नाही. चूक कोणाकडूनही होते. पण न पाहता 'पाहिलं' अशी सही ज्या हाताने केली, त्याच हाताने मला पाना धरायला शिकवलं होतं.

रविवारी मी नामदेवला घेऊन ठाण्यावर गेलो. मडम आवाराच्या कोपऱ्यात उभी होती. बॅटरी गेलेली, दोन टायरही गेलेले. पोलिसांच्या आवारात, भर पोलिसांच्या देखत! मी हवालदारांना विचारलं, टायर कुठे गेले? ते म्हणाले, "आम्ही काय टायरची राखण करतो का राव? आम्ही गाडीची करतो."

नामदेव म्हणाला, "मडम अनवाणी झाली की वो."

मी गोणपाट अंथरलं आणि खाली शिरलो. रिव्हेट सगळे मूळचे. अ‍ॅक्सलवर फाउंड्रीची खूण, इंजिनवरही तीच. बोल्टला इंग्लिश पाना घट्ट बसला. गाडी एकसंध, अस्सल होती. अशा गाडीचा चासी नंबर उजव्या तुळईच्या पुढच्या टोकाला असतो. तिथे पाहिलं तर एक जाड लोखंडी पट्टी.

"हे काय बसवलंय?"

"बंपर. चाकणला करून घेतला. जुना पार चेपला व्हता."

वेल्डरने बंपरची पट्टी नेमकी नंबरावर आणून बोल्ट केली होती. त्यात ना वेल्डरचा दोष, ना नामदेवचा. मी बोल्ट सोडवले. नामदेवने आणि हवालदारांनी बंपर उचलून धरला. खाली रंगाचे थर होते, हिरवा, त्यावर मातकट, त्यावर पुन्हा हिरवा. मी रॉकेलचं फडकं फिरवलं, तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासलं. पहिला आकडा दिसला, आणि मी वाचायच्या आधीच वरून नामदेवने नंबर म्हणायला सुरुवात केली. त्याला तो पाठ होता. तो एकेक आकडा म्हणे आणि माझ्या ब्रशखालून तोच आकडा वर येई.

हवालदारांनी आतून आर.सी. बुक आणून पाहिलं. "जुळतोय की!" ते म्हणाले. मग जरा ओशाळून, "पण आमी काय बंपर खोलून बघायचं का राव?"

"हो," मी म्हणालो. "चोर ठरवायच्या आधी बघायचं."

छाप घेऊन मी सोमवारी साहेबांसमोर ठेवली. सगळं सांगितलं. त्यांनी छाप हातात घेतली नाही.

"तालुक्याच्या कोर्टात परवा तारीख आहे. माझा रिपोर्ट तिथे लागलाय. आता तू माझी सही खोटी पाडणार?"

"साहेब, सही तुमची आहे, गाडी त्याची आहे."

"अरे, भंगारात जायचा ट्रक तो. आज नाही तर दोन वर्षांनी जाईल. त्यासाठी इतक्या वर्षांचं नाव घालवू?"

"भंगारात जाईल तेव्हा नामदेव नेईल. चोरीचा म्हणून का जावा?"

"तुला हे टेबल कोणी दिलं, शंकर?"

मी उठून बाहेर आलो. आयुष्यात इतका राग मला कधी आला नव्हता, आणि राग ज्याच्यावर आला त्याच्या पाया पडावंसं त्याच वेळी वाटत होतं. माझ्या सहीला तेव्हा किंमत नव्हती. परवाना साहेबांचा होता. रिपोर्ट बदलला नसता तर गाडी सरकारजमा होऊन लिलावात गेली असती, आणि नामदेव चोरीच्या मालाचा धनी म्हणून कायमचा नोंदला गेला असता. त्याने मला विचारलं होतं, "गाडी जाऊ द्या वो, पर पोरीच्या सासरी काय सांगू?"

त्या संध्याकाळी मी साहेबांना पत्र लिहिलं आणि त्यांच्या घरी देऊन आलो. समोर उभा राहून हे मला बोलता आलं नसतं.

तारखेच्या दिवशी मी सकाळी ठाण्यावर पोचलो, तर साहेब आधीच आले होते. काठी टेकून मडमेपाशी उभे होते. मी खाली झोपलो. त्यांनी वरून एकेक गोष्ट विचारली, जशी पूर्वी विचारत: रिव्हेट, शिवण, फाउंड्री, आटे, आणि शेवटी नंबर. मग फौजदारांच्या टेबलाशी बसून त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं की पहिला रिपोर्ट गाडी न पाहता दिला होता, तो मी मागे घेत आहे. कोर्टाने गाडी सोडली.

तुम्हाला वाटेल, झालं गोड. मला तसं वाटत नाही. नामदेवचे टायर कोणी परत दिले नाहीत. बॅटरीही नाही. त्याला 'चोर' म्हणणाऱ्यांपैकी एकानेही 'चुकलं' असं त्याला तोंडावर म्हटलं नाही, माझ्या साहेबांनीसुद्धा नाही. त्यांनी ते कागदावर लिहिलं, त्याच्याकडे पाहून म्हटलं नाही. नामदेव उसन्या टायरवर गाडी घेऊन गेला. जाताना मला म्हणाला, "साहेब, आता कोनी नंबर इचारला तर म्या आधी बंपरच खोलून दावतो." तो हसत होता. मला हसता आलं नाही.

पुढे मी त्याच ऑफिसात बरीच वर्षं काम केलं, साहेब गेल्यावर ते चालवलंही. पण त्या दिवसानंतर ते माझ्याशी पहिल्यासारखं मोकळं कधी बोलले नाहीत, आणि मीही ते जवळ यावेत म्हणून काही केलं नाही. याची मात्र खंत आहे. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नीने मॅन्युअलांच्या कपाटाची किल्ली दिली, तेव्हा आत माझं पत्र मिळालं. ते इथे तसंच देतो.

---

सोमवार, संध्याकाळ

आदरणीय साहेबांना,

शिरसाष्टांग नमस्कार.

आज आपण विचारलंत, टेबल कोणी दिलं. टेबल आपण दिलंत. डांगरी, माळ्यावरची जागा, इंग्रजी, सगळं आपण दिलंत. माझे वडील अजून बाजारात लोकांना सांगतात, पोराला देवमाणूस भेटला. मी ते त्यांना कधी खोडून सांगणार नाही.

पण परवा मी कोर्टात जाणार आहे. माझं म्हणणं कोणी ऐकेल की नाही माहीत नाही. मी एवढंच सांगणार, की गाडी मी पाहिली आहे, आणि जे पाहिलं ते असं असं आहे. मला दुसरं काही येत नाही. आपण दुसरं काही शिकवलंच नाहीत. त्यानंतर आपण मला ऑफिसात ठेवलं नाही तरी माझी तक्रार नाही. डांगरी धुऊन परत करीन.

साहेब, आपले गुडघे दुखतात हे मला ठाऊक आहे. ते सांगायला आपल्याला जड जातं, हेही मला कळतं. पण नामदेवला त्याची शिक्षा का? आपण सांगितलं असतंत तर मी लग्नाचा मांडव सोडून आलो असतो.

एक विनंती आहे. परवा सकाळी कोर्टाआधी आपण ठाण्याच्या आवारात यावं. आपल्याला वाकावं लागणार नाही. गोणपाट मी आणतो, खाली मी झोपतो. आपण नेहमीसारखं उभं राहून विचारा, मी खालून सांगत जाईन. नंबर मी शेवटी वाचीन.

आपला,
शंकर